१४२८५७: अंकांपेक्षा बाक्या बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सातवीतल्या मुलीने कॅल्क्युलेटरवर १४२८५७ ला २ पासून ६ पर्यंतच्या संख्यांनी गुणून दाखवलं. दर वेळी तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून. ७ ने गुणलं तर मात्र सगळे नऊ. हे का होतं, अशा आणखी संख्या आहेत का, आणि व्हिडिओंमध्ये या संख्येला विश्वाची गुप्त किल्ली वगैरे म्हणतात त्यात काही तथ्य आहे का, हे तुम्हाला हवं आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: तथ्य नाही, आणि का नाही ते ओघात येईलच. पहिला प्रश्न मात्र सावकाश घेऊ. त्याचं उत्तर पूर्णपणे समजण्यासारखं आहे आणि त्यासाठी भागाकार येण्यापलीकडे काही लागत नाही. मी बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे आणि या एका संख्येवर जितके तास मनापासून घालवले तितके क्वचितच दुसऱ्या कशावर घालवले असतील.

आधी गुणाकार समोर ठेवू:

१४२८५७ × १ = १४२८५७
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ६ = ८५७१४२
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ७ = ९९९९९९

गुणक १, २, ३, ४ असे ओळीने न लिहिता १, ३, २, ६, ४, ५ या क्रमाने मुद्दाम लिहिले आहेत. या क्रमाने लिहिलं की प्रत्येक ओळीत पहिला अंक उचलून शेवटी गेलेला दिसतो. १ शेवटी गेला, मग ४, मग २, मग ८, मग ५. आता प्रश्न बदलतो. अंक का फिरतात यापेक्षा १, ३, २, ६, ४, ५ हा क्रम कुठून आला, हे शोधायला हवं. तो सापडला की बाकीचं सगळं हातात येतं.

ही संख्या म्हणजे १/७ च्या दशांश रूपातला आवर्ती गट. १ भागिले ७ म्हणजे ०.१४२८५७१४२८५७… असं अखंड. शाळेत π साठी २२/७ वापरतात, तो ३.१४२८५७१४२८५७… असतो, म्हणजे आपण सगळेच या संख्येला लहानपणापासून भेटत आलो आहोत. (खरा π ३.१४१५९… असा जातो. तिसऱ्या दशांश स्थळापासूनच दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि π चे अंक कधीच आवर्ती होत नाहीत.)

आता वहीवर १ ला ७ ने भागायचं. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, कारण आपल्याला जे बघायचं आहे ते तो दाखवतच नाही. तो भागाकाराचे अंक दाखवतो आणि बाकी गिळून टाकतो. मुलीला सांगा, भागाकाराचे अंक निळ्या शाईने लिही आणि प्रत्येक पायरीची बाकी लाल शाईने.

१ ला ७ चा भाग जात नाही, म्हणून शून्य घेऊन १०. सात एके सात, बाकी ३. शून्य घेऊन ३०. सात चोक अठ्ठावीस, बाकी २. शून्य घेऊन २०. सात दुणे चौदा, बाकी ६. मग ६०. साती आठी छप्पन्न, बाकी ४. मग ४०. साता पाचा पस्तीस, बाकी ५. मग ५०. साती साती एकोणपन्नास, बाकी १.

बाकी १ आली आणि आपण जिथून निघालो तिथेच परत आलो. पुढे पुन्हा १०, पुन्हा बाकी ३, पुन्हा तेच सगळं.

निळे अंक आले १, ४, २, ८, ५, ७. लाल अंक, सुरुवातीचा १ धरून, आले १, ३, २, ६, ४, ५. वरच्या कोष्टकातला गुणकांचा क्रम हाच.

कारण असं. २/७ चा दशांश काढायचा असेल तर भागाकार २ पासून सुरू होतो. पण २ ही बाकी आपल्या साखळीत आधीच आहे, १ आणि ३ नंतरची तिसरी. २ पासून पुढे काय होतं हे आपण एकदा केलेलं आहे: २० मध्ये ७ दोनदा, बाकी ६, ६० मध्ये आठदा, बाकी ४, आणि असंच पुढे. म्हणजे २/७ काढताना नवीन काहीच करायचं नाही, त्याच कड्यात तिसऱ्या जागी शिरायचं. तिथून वाचलं की २८५७१४. ३/७ साठी दुसऱ्या जागी शिरायचं, ४२८५७१. सहाही अपूर्णांक एकाच कड्यावर वेगवेगळ्या जागी उभे आहेत. १४२८५७ ला २ ने गुणणं म्हणजे १/७ चं २/७ करणं, म्हणून गुणाकारात अंक फिरलेले दिसतात. खरं तर फिरतात त्या बाक्या. अंक त्यांच्या मागे जातात.

७ ने गुणल्यावरचे नऊ तर त्याच भागाकारातून लगेच मिळतात. सहा शून्यं घेतल्यावर बाकी १ उरली, याचा अर्थ १०००००० = ७ × १४२८५७ + १. एक इकडे आणला की ७ × १४२८५७ = ९९९९९९.

आता इथे एक गोष्ट नशिबाने जमून आली आहे, ती नजरेतून सुटू नये. ७ ने भागल्यावर बाकी १ ते ६ यांपैकीच काहीतरी असणार. शून्य येणार नाही, कारण १०, १००, १००० यांपैकी कशालाच ७ ने पूर्ण भाग जात नाही. एखादी बाकी दुसऱ्यांदा आली की गाडी पुन्हा त्याच रुळावर, म्हणून आवर्ती गट जास्तीत जास्त सहा अंकी असू शकतो. पण सहाच्या सहा बाक्या आल्याच पाहिजेत असा नियम नाही. ७ च्या बाबतीत त्या सगळ्या आल्या, एकही मागे राहिली नाही. म्हणून सगळे गुणाकार एका कड्यात बसले. हे सर्वत्र होत नाही, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच दडलेलं आहे. त्याच्याकडे येतो.

तत्पूर्वी गूढ अर्थाबद्दल. या संख्येत ०, ३, ६, ९ हे अंक येत नाहीत आणि त्यावरून बरंच काही सांगितलं जातं. विसाव्या शतकात गुर्जिएफ या गूढवाद्याने नऊ बिंदूंची एक आकृती प्रचलित केली. एनियाग्राम म्हणून ती आज व्यक्तिमत्त्व चाचण्यांमध्ये सर्रास दिसते. तिच्यातल्या सहा बिंदूंना जोडणारी रेषा १-४-२-८-५-७ याच क्रमाने जाते. पण ०, ३, ६, ९ का गळतात याचं कारण साधं आहे. १/७ पासून ६/७ पर्यंतचे सहा अपूर्णांक दशांशात मांडा: ०.१४, ०.२८, ०.४२, ०.५७, ०.७१, ०.८५ आणि पुढे. प्रत्येकाचा पहिला अंक म्हणजे आपल्या गटातला एकेक अंक. शून्य ते एक या अंतराचे दहा समान भाग केले आणि त्यात सारख्या अंतरावर सहाच बिंदू ठेवले तर चार भाग रिकामे राहणारच. ते चार म्हणजे ०, ३, ६ आणि ९ ने सुरू होणारे.

शिवाय आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून १४२८५७. तीनच्या पटीत मोजणाऱ्याला १/७ हा ०.०१०२१२०१०२१२… असा दिसेल. अंक वेगळे, पण कडं सहाचंच, कारण १० ला ७ ने भागल्यावर बाकी ३ येते आणि ३ ला भागल्यावरही ३ च, म्हणजे दोन्हीकडे बाक्यांचा क्रम तोच. आठच्या पटीत मोजलं तर १/७ नुसता ०.१११… येतो आणि सगळी गंमत नाहीशी होते. विश्वाचं रहस्य असलेली संख्या मोजण्याची पद्धत बदलल्यावर विरून जाणार नाही. १४२८५७ हा ७ आणि १० यांच्यातल्या नात्याचा परिणाम आहे. ते नातं मला कुठल्याही गूढापेक्षा जास्त मोलाचं वाटतं, कारण ते सातवीच्या मुलीला पूर्ण उलगडून दाखवता येतं.

आता सातच्या पुढे जाऊ. ८ ने गुणलं तर ११४२८५६. कडं तुटलं असं वाटतं, पण उजवीकडून सहा अंक मोजून तोडा: १ आणि १४२८५६. बेरीज १४२८५७. ९ ने गुणलं तर १२८५७१३, तोडल्यावर १ + २८५७१३ = २८५७१४, म्हणजे दुपटीची ओळ. गुणक कितीही मोठा घ्या, उजवीकडून सहा-सहा अंकांचे गट करून बेरीज घेत राहा, शेवटी वरच्या कोष्टकातलीच कुठली तरी ओळ हाती लागते. कोणती, ते गुणकाला ७ ने भागल्यावरची बाकी सांगते. बाकी शून्य असेल तर ९९९९९९. कारण एवढंच की दहा लाखाला ९९९९९९ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून वरचा गट खाली उतरवून मिळवला तरी ९९९९९९ च्या दृष्टीने काही बदलत नाही. एखादी संख्या ३ किंवा ९ ने भागली जाते का हे बघायला आपण तिच्या अंकांची बेरीज करतो. ही तीच युक्ती, फक्त एका अंकाच्या जागी सहा अंक.

यातलं एक उदाहरण मुलीला नक्की करायला द्या. ३६५ ने गुणा: ५२१४२८०५. तोडल्यावर ५२ + १४२८०५ = १४२८५७. संख्या जशीच्या तशी परत आली, कारण ३६५ ला ७ ने भागल्यावर बाकी १ येते. आणि डावीकडे जे ५२ वेगळे पडले ते वर्षातले पूर्ण आठवडे. ३६६ ने गुणलं तर ५२२८५६६२, बेरीज २८५७१४, म्हणजे बाकी २. यंदा वाढदिवस सोमवारी असेल तर पुढच्या वर्षी मंगळवारी येतो, मधे २९ फेब्रुवारी आला तर बुधवारी, हेच त्या गुणाकारात लिहिलेलं आहे.

संख्येच्या आतल्या रचनेकडे वळतो. ती मधोमध तोडा, १४२ आणि ८५७. बेरीज ९९९. तीन तुकडे करा, १४, २८, ५७. बेरीज ९९. अंकांच्या जोड्या लावा, पहिला-चौथा, दुसरा-पाचवा, तिसरा-सहावा: १+८, ४+५, २+७, प्रत्येकी ९. १८३६ साली मिदी या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की छेद मूळ संख्या असेल आणि आवर्ती गटात अंक सम संख्येने असतील तर दोन अर्ध्यांची बेरीज नेहमी नऊच नऊ येते. कारण पुन्हा लाल शाईतच मिळतं. बाक्या आहेत १, ३, २ आणि ६, ४, ५. वरखाली लिहा: १+६, ३+४, २+५. प्रत्येक बेरीज ७. अर्ध्या वाटेवर बाकी ६ आली, म्हणजे पूर्ण ७ ला एक कमी, आणि तिथून पुढची प्रत्येक बाकी पहिल्या अर्ध्यातल्या बाकीला ७ पर्यंत पूर्ण करते. १/७ आणि ६/७ मिळून १ होतात, म्हणून त्यांचे दशांश अंक एकमेकांना ९ पर्यंत पुरे करतात. तीन तुकड्यांचं तसंच: एक सोडून एक बाक्या घ्या, १, २, ४, बेरीज ७. १/७ + २/७ + ४/७ = १, म्हणून १४, २८, ५७ मिळून ९९.

या अर्धेपणातून एक फार सोपी ओळख निघते: १४२८५७ = १४३ × ९९९. पडताळा तोंडी करता येतो, १४३००० वजा १४३. आणि १४३ × ७ = १००१. एवढं लक्षात राहिलं की अवयव चुटकीसरशी मिळतात. १४३ म्हणजे ११ × १३, ९९९ म्हणजे २७ × ३७, म्हणून १४२८५७ = ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. तिला एकूण ३२ विभाजक आहेत. त्यात ७ कुठेच नाही, हे पुढे उपयोगी पडणार आहे. आणखी एक गंमत याच ओळखीने सुटते. ८५७ चा वर्ग वजा १४२ चा वर्ग किती? ७१४२८५, म्हणजे आपलीच पाचपट. वर्गांचा फरक म्हणजे फरक गुणिले बेरीज: ७१५ × ९९९, आणि ७१५ म्हणजे १४३ ची पाचपट.

स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीत ही संख्या उजवीकडून डावीकडे बांधायची एक रीत शिकवतात, पण ती का चालते हे सहसा सांगत नाहीत. शेवटचा अंक ७ लिहा. त्याला ५ ने गुणा, ३५. डावीकडे ५ लिहा, हातचे ३. पाच पंचे पंचवीस आणि ३, २८. ८ लिहा, हातचे २. आठ पंचे चाळीस आणि २, ४२. २ लिहा, हातचे ४. मग १४, तिथे ४, हातचा १. मग २१, तिथे १, हातचे २. मग पाच आणि दोन ७, आणि ७ वर आपण परत आलो. उजवीकडून आलेले अंक ७, ५, ८, २, ४, १. आता वरच्या कोष्टकातली पाचाची ओळ बघा: ७१४२८५. ५ ने गुणल्यावर शेवटचा ७ उचलून पुढे येतो आणि बाकीचे अंक एकेक घर उजवीकडे सरकतात. म्हणजे गुणाकारात जो अंक येतो तोच मूळ संख्येत एक घर डावीकडे बसलेला असतो, म्हणून ती स्वतःला अंकामागून अंक बांधत जाते. रीत चांगली आहे. मात्र ती शिकवताना ही एक ओळ दाखवली नाही तर मुलांच्या हाती फक्त पाठांतर लागतं.

उलट दिशेचं कोडंही जुनं आहे: अशी सहा अंकी संख्या शोधा जिचा पहिला अंक १ आहे आणि तो उचलून शेवटी ठेवला तर संख्या तिप्पट होते. उरलेल्या पाच अंकांना क्ष म्हणा. १० क्ष + १ = ३ × (१००००० + क्ष). म्हणून ७ क्ष = २९९९९९, क्ष = ४२८५७. समीकरणात ७ आपोआप उगवतो, तो क्षण मुलांना स्वतः अनुभवू द्यावा.

आता या संख्येचा मला सगळ्यात आवडणारा गुण, आणि त्याचं नातं आपल्या मातीतल्या एका शिक्षकाशी आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि पुढे नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत राहिले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ६१७४ या स्थिरांकामुळे त्यांचं नाव बहुतेकांना माहीत असतं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभरच्या वाचकांना ते माहीत झाले. १९८६ मध्ये ते गेले. त्यांनी शोधलेल्या संख्यांच्या एका कुळाला आज कापरेकर संख्या म्हणतात: संख्येचा वर्ग करा, त्याचे दोन तुकडे करा, तुकड्यांची बेरीज मूळ संख्येइतकी आली पाहिजे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७.

१४२८५७ चा वर्ग आहे २०४०८१२२४४९. उजवीकडून सहा अंक तोडा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७.

चक्रीय, म्हणजे गुणल्यावर अंक नुसते फिरणारी, संख्या कापरेकर संख्याही निघावी हा निव्वळ योगायोग वाटेल, पण तो नाही. संख्येला न म्हणू. वर्गाचे सहा-सहा अंकी तुकडे करून बेरीज घेतली की, वर पाहिल्याप्रमाणे, ९९९९९९ च्या दृष्टीने काही बदलत नाही. म्हणून बेरीज न इतकीच यायची तर न चा वर्ग वजा न, म्हणजेच न × (न − १), याला ९९९९९९ ने पूर्ण भाग जायला हवा. न = १४२८५७ घेतलं तर न − १ = १४२८५६, आणि याला ७ ने भाग जातो: ७ × २०४०८. मग न × (न − १) = १४२८५७ × ७ × २०४०८ = ९९९९९९ × २०४०८. जमलं. त्या २०४०८ कडे लक्ष द्या, वर्गाचा डावा तुकडा तोच आहे.

म्हणजे युक्ती अशी: ९९९९९९ चे एकमेकांत सामाईक अवयव नसलेले दोन भाग करायचे, इथे १४२८५७ आणि ७. एक भाग न ला भागतो, दुसरा न − १ ला. ७ हा १४२८५७ च्या अवयवांत नाही म्हणूनच हे जुळतं. भागांची अदलाबदल केली, म्हणजे न ला ७ ने आणि न − १ ला १४२८५७ ने भाग जावा असं मागितलं, की जोडीदार मिळतो: ८५७१४३. त्याचा वर्ग ७३४६९४१२२४४९, आणि ७३४६९४ + १२२४४९ = ८५७१४३. दोघांची बेरीज बरोबर दहा लाख. ४५ आणि ५५, २९७ आणि ७०३, २२२३ आणि ७७७७, याही अशाच जोड्या.

कापरेकरांनी आणखी एका प्रकारच्या संख्यांना हर्षद संख्या असं नाव दिलं, ज्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो. १४२८५७ तीही आहे. अंकांची बेरीज २७, आणि १४२८५७ = २७ × ५२९१.

आता दुसरा प्रश्न, अशा आणखी संख्या आहेत का. आहेत, पण एक अट सोडावी लागते. गटाच्या सुरुवातीला शून्य चालणार नसेल तर १४२८५७ एकटीच आहे, कारण छेद १० पेक्षा मोठा झाला की १ भागिले छेदाचा पहिला दशांश अंक शून्यच येतो, आणि १० च्या आतल्या छेदांत ७ शिवाय कोणालाच असं पूर्ण कडं मिळत नाही. सुरुवातीचं शून्य अंक म्हणून मोजायला तयार असाल तर पुढची संख्या १/१७ मधून येते: ०५८८२३५२९४११७६४७, सोळा अंकी. तिला १ ते १६ पर्यंत कशानेही गुणा, तेच अंक फिरतात. मधोमध तोडा: ०५८८२३५२ + ९४११७६४७ = ९९९९९९९९. मग १/१९ मधली ०५२६३१५७८९४७३६८४२१, अठरा अंकी.

मध्येच १३ का गाळला? कारण तिथे नशीब साथ देत नाही. १३ ने भागताना बारा बाक्या शक्य आहेत, पण १ पासून निघालं तर सहाच बाक्यांनंतर आपण परत १ वर येतो: १, १०, ९, १२, ३, ४. गट मिळतो ०७६९२३. उरलेल्या सहा बाक्यांचं दुसरं स्वतंत्र कडं होतं आणि २/१३ मधून १५३८४६ मिळतो. ७६९२३ ला ३ ने गुणलं तर २३०७६९, पहिलंच कडं. २ ने गुणलं की उडी दुसऱ्या कड्यात. ११ तर आणखी आखूड, दोनच अंक: ०९. फर्माच्या प्रमेयावरून एवढं नक्की कळतं की २ आणि ५ सोडून कुठल्याही मूळ छेदासाठी कड्याची लांबी ही छेदातून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचा विभाजक असते. पूर्ण लांबी मिळेल की तिचा तुकडा, हे मात्र त्या प्रमेयावरून कळत नाही.

१०० च्या आत पूर्ण कडं देणाऱ्या मूळ संख्या नऊ: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७. १००० च्या आत १६८ मूळ संख्या आहेत, त्यातल्या ६०. (त्या साठांत ८५७ ही आहे, आपल्याच संख्येचा उजवा अर्धा. १/८५७ चा आवर्ती गट ८५६ अंकी असतो. यामागे कारण शोधू नका, हा खरोखर योगायोग आहे.)

अशा मूळ संख्या अनंत आहेत का? गाउसने १८०१ मध्येच १ भागिले मूळ संख्येच्या दशांशांचा पद्धतशीर अभ्यास छापला होता. १९२७ मध्ये एमिल आर्टिन यांनी अंदाज मांडला की त्या अनंत आहेत, आणि मूळ संख्यांमधलं त्यांचं प्रमाण सुमारे ३७.४ टक्के असावं. वरच्या १६८ पैकी ६० हे ३५.७ टक्के होतात, म्हणजे आकडे अंदाजाच्या जवळ राहतात. १९६७ मध्ये क्रिस्टोफर हूली यांनी हा अंदाज सिद्ध केला, पण सार्वत्रिक रीमान गृहीतक (मूळ संख्यांच्या वाटणीशी निगडित एक प्रसिद्ध अंदाज) खरं मानून, आणि ते गृहीतक स्वतःच अजून सिद्ध झालेलं नाही. १९८६ मध्ये रॉजर हीथ-ब्राउन यांनी कोणतंही गृहीतक न घेता दाखवलं की २, ३ आणि ५ यांपैकी निदान एका पायासाठी (म्हणजे ज्याच्या पटीत मोजायचं त्या संख्येसाठी) तरी अशा मूळ संख्या अनंत आहेत. त्या तिघांतला नेमका कोणता, हे त्यावरून सांगता येत नाही. आणि आपण ज्याच्या पटीत मोजतो त्या १० बद्दल अजूनही काहीही सिद्ध झालेलं नाही.

हीच कडी आता व्यवहारातही आली आहेत. १, ३, २, ६, ४, ५ म्हणजे ३ चे घात ७ ने भागल्यावरच्या बाक्या: १, ३, ९, २७, ८१, २४३. कड्यात पुढे जाणं सोपं, पण एखादी बाकी दाखवून ती कितव्या पायरीची हे विचारलं तर शोधावं लागतं. ७ साठी ते क्षणात होतं. शेकडो अंकी मूळ संख्या घेतली तर आजच्या संगणकांनाही ते व्यवहारात जमत नाही. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी याच अडचणीच्या आधारावर, दोन अनोळखी माणसांनी उघड्या तारेवरून बोलून गुप्त किल्ली ठरवण्याची रीत मांडली.

मुलीला पुढचं काम हवं असेल तर १/१७ हाताने करायला द्या. सोळा पायऱ्या आहेत, एक वहीचं पान पुरतं. लाल शाईच्या बाक्यांत १ ते १६ प्रत्येक अंक एकदाच येतो का ते तिने तपासावं, आणि नवव्या जागी कोणती बाकी येईल हे भागाकार सुरू करायच्या आधीच सांगून बघावं. मिदीचं प्रमेय तिला कळलं असेल तर ती १६ सांगेल. त्यानंतर १/२१ करून बघू दे. २१ मूळ संख्या नाही. तिथेही गट सहाच अंकी येतो, ०४७६१९, पण त्याचे दोन अर्धे मिळवले की ०४७ + ६१९ = ६६६ येतात, ९९९ नाही. का, हे तिला सांगू नका. लाल बाक्या वरखाली लिहिल्या की तिला दिसेल: १ आणि १३, १० आणि ४, १६ आणि १९.